वर्षाला दोन रुपये : मध्यप्रांतातील कोंडी आणि तडजोडीचा प्रश्न

न. चिं. केळकर पदव्युत्तर वर्गाला शिकवताना एक अडचण नेहमी जाणवते. अभ्यासक्रमात केळकर येतात ते निबंधकार म्हणून, टिळकचरित्राचे लेखक म्हणून, ‘हास्यविनोदमीमांसे’चे कर्ते म्हणून आणि १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडणारे अध्यक्ष म्हणून. राजकारणी केळकर त्यांच्यामागून बिचकत येतात. त्यांची ओळख करून देताना आम्ही शिक्षकमंडळीही एक ठरावीक वाक्य उच्चारतो : टिळकांच्या पश्चात केळकरांनी तडजोडीचे राजकारण केले. वाक्य संपते तेव्हा वर्गाने निकाल दिलेला असतो. एकदा आम्ही मुलांना ‘तडजोड’ या शब्दाला जवळचे शब्द विचारले. ‘शरणागती’, ‘माघार’, ‘सेटिंग’ असे शब्द आले आणि मागच्या बाकावरून ‘मांडवली’ हा शब्दही आला. ‘समेट’ हा शब्द कोणालाही आठवला नाही.

शब्दाला चिकटलेला हा तिरस्कार कुठून आला, याचा शोध घेताना आम्ही ज्या प्रकरणापाशी पोचलो ते आज बरेचसे विस्मरणात गेले आहे. ते १९२३ ते १९२७ या काळात नागपुरात घडले. सरकार अडवून धरणे म्हणजे काय, अडवल्याने काय साधते, काय बुडते आणि कोणाचे बुडते, हे सारे प्रश्न त्यात एकत्र आले होते. म्हणून ते थोडे तपशिलाने सांगावेसे वाटते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कारभाराचे दोन भाग पाडले. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य, अबकारी ही खाती ‘सोपीव’, म्हणजे कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवलेली. अर्थ, पोलीस, न्याय, जमीनमहसूल ही ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाच्या हाती. या व्यवस्थेला द्विदल राज्यपद्धती म्हणत. तिजोरीची किल्ली एका दलाकडे आणि खर्चाची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही रचना होती. मद्रासचे एक मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी तिचे जे वर्णन केले ते फार गाजले. आपण विकासमंत्री होतो, पण जंगलांशिवाय. शेतीचे मंत्री होतो, पण पाटबंधाऱ्यांशिवाय, असा त्याचा आशय होता.

अशा अपुऱ्या सुधारणांचे करायचे काय, या प्रश्नावर टिळकांनी १९१९ च्या डिसेंबरात अमृतसरला जाताना दिलेले उत्तर म्हणजे ‘प्रतियोगी सहकारिता’. आजच्या विद्यार्थ्याला ‘प्रतियोगी’ म्हटले की स्पर्धा परीक्षा आठवते; टिळकांना अभिप्रेत होते ते समोरच्याच्या वागण्याला जोडून घेतलेले वागणे. सरकार जितके सहकार्य करील तितके आम्ही करू, ते अडवील तेथे आम्ही अडवू. या सूत्रात सहकार आणि विरोध दोन्ही हाताशी ठेवलेले होते. कोणता केव्हा वापरायचा हे प्रसंगावर सोडलेले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्याच वर्षअखेर नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा मार्ग कायम केला. १९२० च्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला.

१९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा घडले, गांधीजींनी चळवळ थांबवली आणि महिन्याभरात ते तुरुंगात गेले. पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या वर्षअखेर गयेच्या काँग्रेसमध्ये चित्तरंजन दासांचा कौन्सिलप्रवेशाचा आग्रह मान्य झाला नाही. तेव्हा त्यांनी व मोतीलाल नेहरूंनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात शिरायचे ते ती चालवण्यासाठी नव्हे, तर आतून मोडण्यासाठी, असे त्याचे धोरण होते. केळकर, बॅ. मुकुंदराव जयकर, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे असे महाराष्ट्रातील अनेक टिळकपंथीय या पक्षात आले. धोरण असहकाराचे आणि स्थळ कौन्सिलचे, असा हा मध्यममार्ग त्यांना निदान दाराच्या आत तरी नेत होता.

नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकांत स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले ते मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. त्यामुळे मोडण्याचा प्रयोग पूर्णपणे करून पाहण्याची संधी नागपूरला मिळाली. बहुमताच्या पक्षाने मंत्रिपदे नाकारली. गव्हर्नरने दुसरे मंत्री नेमले, तर जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला. मार्चमध्ये अंदाजपत्रक आले. खात्यांच्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या गेल्या. मंत्र्यांच्या वेतनाची मागणी मात्र सरसकट फेटाळली गेली नाही. ते वेतन वर्षाला दोन रुपये ठरवण्यात आले.

या दोन रुपयांत एक विलक्षण नाट्य आहे, हे कोणीही साहित्याचा अभ्यासक मान्य करील. शून्य रुपये हा केवळ नकार झाला असता. दोन रुपये हा उपहास होता. साम्राज्याने दिलेल्या ‘जबाबदार मंत्रिपदा’ची कौन्सिलने केलेली ती किंमत होती. मंत्र्यांनी राजीनामे दिले. सोपीव खाती गव्हर्नरने आपल्या हाती घेतली. देशभर नागपूरचे कौतुक झाले. बंगालमध्येही मंत्र्यांचे वेतन नाकारून असाच पेच निर्माण केला गेला. द्विदल राज्यपद्धती निर्जीव आहे हे सिद्ध झाले, असे पक्ष म्हणू लागला.

ते खोटे नव्हते. या प्रकरणाकडे परत पाहताना अडवणूक करणाऱ्यांना बालिश ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या सरकारला लोकांनी निवडले नाही आणि ज्याला लोक काढू शकत नाहीत, ते अडवणे आणि आपणच निवडलेले सरकार अडवणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. स्वराज्य पक्षाजवळ सत्ता नव्हती. नकार तेवढा होता आणि तो त्यांनी वापरला. तरीही कोंडी झाल्यानंतर नेमके काय घडले, हा प्रश्न उरतोच.

राखीव खात्यांचे काहीच अडले नाही. कौन्सिलने फेटाळलेली मागणी आवश्यक ठरवून कायम करण्याचा अधिकार कायद्यानेच गव्हर्नरला दिला होता. पोलीस चालू राहिले, सारावसुली चालू राहिली, तुरुंग चालू राहिले. अडली ती सोपीव खाती. त्यांच्याबाबत गव्हर्नरला खाते कसेबसे चालवण्यापुरता खर्च मंजूर करता येई; नव्या योजनांना पैसा देणारी कौन्सिलच पैसा देत नव्हती. म्हणजे घाव घालायचा होता साम्राज्याच्या मनगटावर आणि तो बसला शाळा, दवाखाने, विहिरी आणि शेती यांच्यावर. ज्या खात्यांत लोकांच्या प्रतिनिधींचा थोडाबहुत शिरकाव झाला होता, नेमकी तीच नोकरशाहीकडे परत गेली. याच प्रांतात १९२३ च्या ऑगस्टात नागपूर विद्यापीठ स्थापन झाले होते. शिक्षण हे सोपीव खाते असतानाचे ते काम होते. ही व्यवस्था सर्वस्वी निरुपयोगी होती असे म्हणताना निदान नागपूरकरांना तरी थोडे अडखळावे लागावे.

कोंडीचा खर्च कोण देतो, हा प्रश्न शेजारच्या मुंबई इलाख्याकडे पाहिले की अधिक टोचतो. काँग्रेसने बहिष्कार घातलेल्या १९२० च्या निवडणुकीतून मुंबईचे जे कौन्सिल बनले, त्यात रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. त्याच कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, आणि कागदावरचा तो हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले. ठरावाने पाणी मिळाले नाही, हे खरे. पण सत्याग्रहाच्या हातात जो कायदेशीर आधार होता तो एका अपुऱ्या, हिणवल्या गेलेल्या, ‘निर्जीव’ कौन्सिलातून आला होता. ब्राह्मणेतर पक्षाचे भास्करराव जाधव १९२४ नंतर त्याच इलाख्यात मंत्री झाले, तेही याच अपुऱ्या व्यवस्थेत. ज्यांच्या घरात शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांना शिक्षणखाते दोन-तीन वर्षे थांबलेले परवडत होते. ज्यांच्या घरात पहिलीच पाटी यायची होती त्यांना थांबण्याचा अर्थ वेगळा होता.

नागपूरची कोंडी चालूच होती. १९२५ उजाडेपर्यंत पक्षातल्या पक्षात चुळबूज सुरू झाली. मे १९२५ मध्ये फरीदपूरच्या परिषदेत स्वतः दासांनी सन्मान्य अटींवर सहकार्याची भाषा केली. पुढच्याच महिन्यात, १६ जूनला, ते वारले आणि अडवणुकीचे धोरण ज्याने उभे केले व जो ते बदलू शकला असता असा माणूसच नाहीसा झाला. ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झाले. मोतीलालजींनी सैन्यशिक्षणविषयक स्कीन समितीचे सभासदत्व घेतले. आणि ऑक्टोबरमध्ये मध्यप्रांत कौन्सिलचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली.

वादळ उठले. मोतीलालजींनी पक्षशिस्तीचा प्रश्न केला आणि महाराष्ट्रीय सभासदांना उद्देशून व्याधिग्रस्त अवयव छाटण्याची भाषा वापरली. केळकर-जयकरांचे म्हणणे असे की, सरकारच्या समितीत बसणे, असेंब्लीचे अध्यक्षपद घेणे चालते, तर पद स्वीकारणे या तत्त्वालाच एवढा विटाळ का? तर्क म्हणून हे बिनतोड आहे. तरीही तांब्यांचे कृत्य पाहताना आमचा हात थबकतो. त्यांनी मंत्रिपद घेतले नव्हते. त्यांनी घेतलेली जागा राखीव दलातली होती, कौन्सिलला जबाबदार नसलेली. ती घेताना त्यांनी पक्षाकडून संमती घेतली नाही आणि सरकारकडून कोणती अटही मान्य करून घेतली नाही. ही तडजोड म्हणता येईल का? तडजोडीला दोन पक्ष लागतात आणि दोघांनीही काही सोडावे लागते. येथे सरकारने काय सोडले? तांब्यांनी जे केले त्याला फार तर नेमणूक म्हणता येईल. दुर्दैव असे की, मराठी राजकारणाच्या स्मृतीत तडजोडीचे उदाहरण म्हणून हीच नेमणूक राहिली आणि तिच्या डागाने खरी तडजोडही डागाळली.

खरी तडजोड पुढे होऊ पाहत होती. केळकर, जयकर, मुंजे यांनी आपापल्या जागांचे राजीनामे दिले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला परिषद भरवून प्रतिसहकार पक्षाची उभारणी केली. एप्रिलमध्ये साबरमतीला गांधीजींच्या सान्निध्यात मोतीलालजी आणि प्रतिसहकारवादी यांच्यात करार झाला. मंत्र्यांना आपले काम परिणामकारकपणे करण्याइतकी सत्ता, जबाबदारी आणि पुढाकार मिळत असेल तर पदे घ्यावीत, असा त्याचा गाभा होता. हा करार काही आठवड्यांत अन्वयार्थावरून फिसकटला. सत्ता ‘पुरेशी’ केव्हा म्हणायची आणि ते कोणी ठरवायचे, यावर एकमत झाले नाही. ज्यांना परकीय सरकारशी तडजोड नको होती त्यांची गोष्ट सोडा. ज्यांना एकमेकांशी तडजोड हवी होती त्यांनाही ती जमली नाही. १९२६ अखेरच्या निवडणुकांत मध्यप्रांतात स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले, आणि १९२७ च्या आरंभी राघवेंद्रराव आणि रामराव देशमुख हे मंत्री झाले. वेतन अर्थातच दोन रुपये राहिले नाही.

येथे एक आक्षेप येईल. कोंडीमुळेच तर द्विदल पद्धतीचे पितळ उघडे पडले आणि १९३५ च्या कायद्याने ती प्रांतांतून गेली; मग तडजोड केली असती तर ती गेली असती का? आक्षेप वजनदार आहे. पण त्या पद्धतीविरुद्धचा पुरावा कोणी दिला, हेही पाहावे. १९२४ मध्ये सुधारणांच्या चौकशीसाठी मुडीमन समिती बसली. तिच्या अल्पसंख्य सभासदांनी, सप्रू, शिवस्वामी अय्यर, जीना आणि परांजपे यांनी, ही पद्धती मुळातच सदोष आहे असा निर्वाळा दिला. त्यांपैकी परांजपे मंत्रिपद भोगून आलेले होते. संयुक्त प्रांतात चिंतामणी मंत्री होऊन १९२३ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले होते. रेड्डींचे ते गाजलेले उद्गार मंत्रिपदाच्या अनुभवातून आलेले होते. यंत्र चालत नाही हे सांगण्याचा अधिकार ज्याने ते चालवून पाहिले त्याचा अधिक असतो. ज्याने चाकात दांडका घातला त्याने चाक फिरत नसल्याचा दाखला दिला, तर प्रतिपक्ष दांडक्याकडे बोट दाखवतो, आणि तसेच झाले.

इतिहासाने याच प्रांतात आणखी एक उपरोध घडवला. १९३७ च्या निवडणुकांत काँग्रेसला बहुतेक प्रांतांत यश मिळाले आणि पदे घ्यावीत की नाही हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. गव्हर्नरांनी आपले विशेषाधिकार वापरू नयेत असे आश्वासन काँग्रेसने मागितले. काही महिने कोंडी झाली. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी निवेदन केले. त्यात मागितलेले सारे नव्हते, पण समेटाचा सूर होता. जुलैमध्ये कार्यकारिणीने पदे स्वीकारण्यास संमती दिली, ती वर्ध्याला. नागपूरहून वर्धा लांब नाही. साबरमतीला जे जमले नाही ते अकरा वर्षांनी तेथे जमले. अटी उघडपणे मांडल्या होत्या, पक्ष एकत्र होता, आणि बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा ठेवला होता. १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळे त्याच रस्त्याने बाहेरही पडली. टिळकांच्या १९१९ च्या सूत्राचेच हे आचरण होते, पण त्याचे श्रेय त्या सूत्राला कोणी दिले नाही. केळकर तोवर ‘गतगोष्टी’ लिहिण्याच्या वयाला पोचले होते.

म्हणून तडजोड हा सदैव सद्गुण असतो असे आमचे म्हणणे नाही. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार हीही तडजोडच. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत दिलेल्या ७१ जागांच्या ऐवजी १४८ जागा मिळाल्या, पण विभक्त मतदारसंघ गेले. एका बाजूला उपोषणाने टांगणीला लागलेला प्राण आणि दुसऱ्या बाजूला त्याचे ओझे एकट्याने वाहणारा नेता, अशा स्थितीत झालेली सही कितपत मोकळी होती, हा प्रश्न पुढे आंबेडकरांनीच कठोरपणे विचारला. तडजोड मोलाची ठरते ती दोन्ही बाजूंना नाही म्हणण्याची मोकळीक असेल तर. शिवाय आपण जे सोडतो ते आपलेच असले पाहिजे. बैठकीत ज्याला बोलावलेलेच नाही त्याच्या ताटातले सोडून दोघांनी समेट केला, तर त्याला औदार्य म्हणता येत नाही. आणि हाच नियम कोंडीलाही लावायला हवा. कोंडीतही आपण काही पणाला लावतो. १९२४ च्या नागपुरात पणाला लागले ते बहुतांशी कौन्सिलाबाहेरच्या माणसांचे होते.

लेखाच्या सुरुवातीला ‘सविकल्प समाधी’चा उल्लेख आला, तो केवळ ओळखीपुरता नव्हता. वाचक कलाकृतीत रमतो तेव्हा दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपण आहोत हे भान सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्‌मयानंद आहे, असे केळकरांचे म्हणणे. साहित्यशास्त्र म्हणून या मतावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती आम्ही वर्गात शिकवतोही. पण हे मत मांडणारा माणूस दोनच वर्षांनी असेंब्लीत जाऊन बसला आणि पुढची चार-पाच वर्षे प्रतिपक्षाच्या भूमिकेत शिरूनही आपले भान न सोडण्याचा खटाटोप करीत राहिला, हे एकत्र पाहिले की दोन्हींचा अर्थ थोडा बदलतो. केळकरांनी दोहोंचा संबंध जोडला होता असा आमचा दावा नाही. वाचणाऱ्याला तो जोडता येतो, एवढेच. समोरच्याची बाजू आतून पाहता येणे आणि तरी स्वतःची न विसरणे, ही क्षमता नसेल तर राजकारणात दोनच पर्याय राहतात : तांब्यांप्रमाणे निघून जाणे किंवा दोन रुपये मंजूर करून टाळ्या घेणे.

अडलेली अंदाजपत्रके आणि बंद पडलेली सभागृहे स्वातंत्र्यानंतरही आपण पुष्कळ पाहिली. फरक असा की, आता अडवले जाणारे सरकार आपणच निवडलेले असते आणि राखीव खाती कोणाचीच नाहीत. जे थांबते ते सारे आपलेच. पुढच्या सत्रात केळकर शिकवायची वेळ येईल तेव्हा आम्ही ते ठरावीक वाक्य उच्चारणार नाही असे ठरवले आहे. त्याऐवजी मुलांना मार्च १९२४ ची हकिकत सांगू, आणि विचारू : त्या दोन रुपयांचा खर्च कोणाच्या नावे पडला?